नोत्र दाम व्हिडिओ गेमवरून उभारलेलं नाही

पॅरिसचं जळालेलं नोत्र दाम कॅथीड्रल ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या २०१४ च्या गेममधल्या मॉडेलवरून पुन्हा बांधलं, असा मजकूर अजूनही फिरतो आहे. तो खरा नाही.

१५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर गेमच्या कंपनीने, युबिसॉफ्टने, ५ लाख युरो दिले आणि गेम काही दिवस फुकट ठेवला. पण ते मॉडेल कलाकारांनी खेळासाठी रचलेलं, मोजणीचं नव्हे. गेम फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला आहे. छतावरचा मध्ययुगीन मनोरा तेव्हा उतरवलेला होता, तरी गेममध्ये मनोरा आहे, तोही १८५९ साली पूर्ण झालेला, वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांचा!

खरी मोजणी केली ती कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी. पन्नासहून अधिक जागांवर लेझर स्कॅनर लावून त्यांनी अब्जाहून जास्त बिंदू नोंदवले. आगीच्या काही महिने आधीच, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं नाव त्या फिरणाऱ्या मजकुरात कुठेच नसतं, याचं फार वाईट वाटतं.

आणि छताचा ओक लाकडाचा सांगाडा? रेमी फ्रोमाँ आणि सेड्रिक त्राँतसो या वास्तुविशारदांनी २०१४ मध्ये तो हाताने मोजून रेखाटला होता. नवा सांगाडा घडवताना ती रेखाटनं मोलाची ठरली.