आपोआप काहीच बंद पडत नसतं

फोन काउंटरवर ठेवला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "दादा, काय सुद्धा केलं नाही बघा. आपोआप बंद पडलाय."

सांगलीत मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीला बसून मला २१ वर्षं झाली. टॉर्चवाल्या नोकियाच्या जमान्यापासून हे वाक्य ऐकतोय. प्राध्यापक हेच म्हणतात, द्राक्षबागायतदार हेच म्हणतात, कॉलेजची पोरंही हेच म्हणतात. यावर एकदा सविस्तर लिहायचं कधीचं मनात होतं. गेल्या आठवड्यात एक फोन हातचा गेला आणि ते फार लागलं, म्हणून आज बसलोय.

बारावीतला मुलगा, सोबत आई. फोन आठ महिन्यांचा, उसाचं बिल आल्यावर वडिलांनी घेऊन दिलेला. आई म्हणाली, "आपोआप बंद पडला." मुलगा खाली बघत उभा. मी फोन उघडला. सिम ट्रेजवळची पांढरी पट्टी लाल झालेली, म्हणजे पाणी गेलेलं. शिल्ड, म्हणजे चिपांवरचं पत्र्याचं झाकण, काढून मायक्रोस्कोपखाली धरला, तर चार्जिंग आयसीच्या, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपच्या, भोवती हिरवट-पांढरा क्षार साचलेला. दोन कपॅसिटरचे पाय खाऊन गेलेले, आयसीखालचे जोडणीचे पॅड उडालेले. आणि चार्जिंग पिनमध्ये, म्हणजे केबल घालायच्या खाचेत, खळीसारखं काहीतरी घट्ट चिकटलेलं. तांदळाची भुकटी ओली होऊन तिची लापशी झाली होती.

आईला चहा सांगितला आणि मुलाला जवळ बोलावून विचारलं. मग त्यानं सगळं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी फोन बादलीत पडला. शर्टाला पुसून त्यानं लगेच चालू करून बघितला, तर चालला! दहा-पंधरा मिनिटं चालला, मग स्क्रीनवर रेघा आल्या, मग बंद. वडिलांना कळू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवला. रोज रात्री सगळे झोपले की काढायचा आणि चार्जिंगला लावून बघायचा. बुधवारी आईला कळलं, तेव्हा माझ्याकडे आला. चार रात्री त्या पोरानं एकट्यानं काढल्या, आणि त्या चार रात्रींत फोनचा आतला सर्किट बोर्ड संपला.

फोन निव्वळ पाण्यानं मरत नाही. पाणी आणि करंट एकत्र आले की मरतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. बॅटरी जोडलेली असेल तर बोर्डावरच्या ज्या दोन ठिकाणांचा एकमेकांशी संबंध यायला नको, त्यांच्यामध्ये पाण्यातून करंट जायला लागतो आणि तांबं विरघळायला लागतं. शाळेत विद्युत अपघटन शिकलो होतो ना, तेच त्या नखाएवढ्या जागेत चाललेलं असतं. चार्जरला लावलं की त्याला आणखी जोर मिळतो.

याचा पुरावा मी पुरात बघितलाय. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर पुढचे कितीतरी दिवस दुकानात चिखलाचे फोन येत होते. काही जुने फोन कपाटात बंद होते, बॅटरी पूर्ण उतरलेली, आठ-आठ दिवस गाळात पडून होते. ते आम्ही उघडून बोर्ड आधी स्वच्छ पाण्यानं धुतला, मग आयपीएनं (आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं) साफ केला, वाळवला. त्यातले बरेच चालू झाले. लोकांना लग्नाचे, बारशाचे फोटो परत मिळाले. आणि जे फोन पुरात बुडलेच नव्हते, फक्त पावसात भिजले होते, पण भिजल्यावर पॉवर बँकेला लावून लोकांनी चालू ठेवले होते, ते गेले. त्या लोकांना मी दोष देत नाही. त्या दिवसांत फोन बंद ठेवून कुणाचं भागणार होतं? पण तेव्हापासून माझी खात्री आहे की पाणी किती गेलं यापेक्षा पाणी गेल्यावर आपण काय केलं, यावर सगळं ठरतं.

म्हणून कळकळीनं सांगतो. फोन पाण्यात पडला तर चालू आहे का हे बघू नका. चालू असेल तर बंद करा, बंद असेल तर बटणाला हात लावू नका. कव्हर काढा, सिम ट्रे काढा, पिन खाली करून हळू झटका, आणि त्याच दिवशी उघडून घ्या. हेअर ड्रायर नको, गरम हवेनं पाणी आणखी आत जातं. तांदूळही नको. तांदूळ शिल्डखालचं पाणी ओढत नाही, भुकटी मात्र आत सोडतो. २०२४ साली ॲपलनंही आपल्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की फोन तांदळात ठेवू नका. तांदळाच्या डब्यात फोन ठेवल्यानं काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि नेमका मोलाचा वेळ निघून जातो.

आता दुसरी गोष्ट. आपण फोन जपतो म्हणजे नेमकं काय जपतो? नवा फोन घेतला की त्याच दुकानात टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर. चांगलंच आहे, लावावं. पण त्यानंतर दोन-तीन वर्षं आतल्या जीवाकडे कुणी बघत नाही.

मध्यंतरी तासगावकडचे एक आबा आले. "चार्जिंग होईना, पिन बदलून दे." पिनमध्ये भिंगातून बघितलं आणि प्लॅस्टिकच्या बारीक काडीनं कोरायला घेतलं. आधी निघाला खिशाच्या कापडाचा दाबून बसलेला गोळा, नमद्यासारखा. त्याच्या मागे तंबाखूचा चुरा. अगदी तळाशी चुन्याचा पांढरा थर. फोन, तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी एकाच खिशात, गेली दोन वर्षं. साफ केल्यावर केबल टक करून बसली आणि चार्जिंग सुरू झालं. पिन शाबूत होती. पिन गेली म्हणून येणाऱ्या फोनमध्ये असे कितीतरी असतात. आत कचरा असला की केबल पूर्ण बसत नाही, मग माणूस ती वाकडी करून, दाबून, फोनखाली काहीतरी टेकू देऊन लावतो. त्या वाकड्या जोरानं मग पिन खरोखरच सुटते. सुई किंवा सेफ्टी पिन मात्र आत घालू नका, टाइप-सीच्या मधली पट्टी फार नाजूक असते.

आणि उष्णता. बॅटरीला उष्णतेइतका दुसरा शत्रू नाही. ॲपलच्या सूचनेनुसार आयफोन ० ते ३५ अंशांत वापरायचा. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा कुठं असतो ते सांगायला नको. त्यात फोन बाईकच्या हँडलवर उन्हात, मॅप चालू, स्क्रीन पूर्ण उजेडात आणि वरून चार्जिंग. असा फोन मिरज ते कोल्हापूर रोज जातो आणि वर्षभरात बॅटरी बसली की कंपनीला शिव्या बसतात. हँडलवरच्या हादऱ्यांचाही प्रश्न आहे. मोठ्या इंजिनच्या मोटारसायकलच्या कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनं २०२१ मध्ये जाहीर सांगितलं. कॅमेऱ्याची लेन्स आत तरंगती असते, ती बिचारी किती हादरे सोसणार?

रात्री उशीखाली चार्जिंगला लावलेला फोनही तसाच भाजतो. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम, या अवस्थेत सगळ्यात लवकर म्हातारी होते. तशीही ती संपणारी वस्तू आहे. बहुतेक फोनांच्या बॅटऱ्या ५०० च्या आसपास पूर्ण चार्ज झाल्या की मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतात, अलीकडच्या काही १००० पर्यंत टिकतात. स्कूटरचा टायर झिजला की आपण बदलतो, तशी बॅटरी बदलायची. फोनची पाठ किंवा स्क्रीन उचललेली दिसली, तर आत बॅटरी फुगली आहे. ती दाबून, वर रबर लावून वापरणारे लोक मी बघितलेत. त्यांच्या घरात लहान मुलं असतात हो. तसा फोन त्याच दिवशी बंद करून आणून द्या. पैशाचं नंतर बघू.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात सांगतो. गादीवर ठेवला की खालची जाळी बंद होते. एका कोपऱ्याला धरून उघडला की बिजागरी जाते. दोन-तीन वर्षांनी पंखा साफ करून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट नवी लावून घेतली, तर तापून बंद पडणं बहुतेक वेळा थांबतं.

खेड्यापाड्यातल्या लोकांसाठी मात्र विजेबद्दल लिहायलाच हवं. तीन फेजच्या लाईनवर न्यूट्रलची तार तुटली की घरातले २३० व्होल्ट ४०० च्या दिशेनं चढू शकतात. एका झटक्यात गल्लीतले टीव्ही, सेट टॉप बॉक्स, चार्जर जळतात. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एकाच गावातून पाच-सहा जण येतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपलीच वस्तू खराब निघाली. यात मालकाची काडीची चूक नसते. वळवाचं आभाळ भरून आलं की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवा, डिशची वायरसुद्धा काढा.

मालकाची चूक नसते अशी उदाहरणं आणखीही आहेत आणि ती न सांगता मी फक्त गिऱ्हाईकाला शहाणपण शिकवलं, तर ते खोटेपणाचं होईल. २०१६ मध्ये सॅमसंगचा नोट ७ पेट घेत होता. लोकांनी नीट वापरला नाही म्हणून नव्हे, तर बॅटरीच सदोष होती, हे कंपनीनं पुढं स्वतः मान्य केलं आणि ते मॉडेल बंद झालं. पाण्यातल्या जाहिरातींचंही तसंच. फोन आयपी ६८ (धूळ-पाणी आत न जाण्याचं मानांकन) आहे म्हणजे नवा असताना, साध्या पाण्यात, ठरलेल्या चाचणीत तो टिकला. शॅम्पूच्या, क्लोरीनच्या, समुद्राच्या पाण्याची ती हमी नव्हे. कडेचा चिकट सील वयानुसार सुटतो, एकदा पडून फ्रेम वाकली की फटही पडते. आणि बहुतेक वॉरंटी कार्डांवर लिहिलेलं असतं की पाण्यानं झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. मग जाहिरातीत पोहतानाचे फोटो कशाला? ऑस्ट्रेलियात याच कारणावरून २०२२ मध्ये न्यायालयानं सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. आपल्याकडे तरणतलावात फोन नेणाऱ्याला आपणच मूर्ख म्हणतो.

बॅटरी गोंदानं चिकटवणं हेही माझं जुनं दुखणं आहे. पूर्वी पाठ सरकवली की बॅटरी हातात यायची. फोन भिजला की आजीसुद्धा ती काढून बाजूला ठेवायची आणि निम्मं संकट तिथंच टळायचं. आज पाण्यात पडलेल्या फोनची बॅटरी सुटी करायला मला पाठ गरम करावी लागते, गोंद सोडवावा लागतो, स्क्रू काढावे लागतात. घरी कुणी काय करणार? युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी देण्याचा नियम लागू होणार आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, ही चांगली गोष्ट झाली. पण आमच्यासारख्यांना मूळ सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे रास्त भावात मिळाले पाहिजेत, तर त्याचा खरा उपयोग. एका गिऱ्हाईकाला अधिकृत सेंटरनं आख्खा बोर्ड बदलायचे १८ हजार सांगितले होते. बिघडला होता एक कपॅसिटर, शॉर्ट झालेला. तो काढला आणि फोन सुरू झाला.

तरीही मला सगळ्यात जास्त छळतं ते पहिलं वाक्यच. आपोआप. माणसं खोटं का बोलतात, यावर मी बराच विचार केलाय. मला फसवण्यासाठी बोलत नाहीत. घरी बोलणी खावी लागतील म्हणून बोलतात. मुलं बापाला घाबरतात, सुना सासूला घाबरतात. एक ताई तर हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "बिलावर पाणी गेलं असं लिहू नका." २० हजारांची वस्तू घरात आली की तिला हात लावणाऱ्या प्रत्येकावर पहारा बसतो आणि ती बिघडली की आधी "कुणी पाडला?" असं विचारलं जातं. कधी पडला, किती वेळ पाण्यात होता, नंतर चार्जिंगला लावला का, हे कुणी विचारत नाही. मला नेमकी हीच माहिती लागते. ती खरी मिळाली तर मी थेट त्या जागी जातो. नाही मिळाली तर तासभर चुकीच्या ठिकाणी मीटर लावत बसतो, आणि तेवढ्या वेळात क्षार आपलं काम करत असतो.

त्या बारावीच्या मुलाच्या फोनमध्ये नोट्सचे फोटो होते. डेटा निघाला नाही. वडील संध्याकाळी स्वतः आले. चिडलेले असतील असं वाटलं होतं, पण स्टुलावर बसून एवढंच विचारलं, "शनिवारीच आणला असता तर?" मी खरं ते सांगितलं, बहुधा वाचला असता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

काल दुपारी एक मुलगी आली, आठवी-नववीतली असेल. शाळेचा गणवेश, हातात टॉवेलात गुंडाळलेला फोन. "काका, आईचा आहे. टाकीत पडला, अर्धा तास झाला. मी बटण दाबलं नाही." हातातला लॅपटॉप बाजूला ठेवला आणि तो फोन आधी उघडला. चार्जिंगच्या बाजूला पाणी होतं, पण बोर्ड अजून चकचकीत होता. बॅटरी सोडवली, साफ केला, आज सकाळी जोडून बघितला. चालू आहे. स्पीकरचा आवाज थोडा घोगरा येतोय, तो उद्या बदलतो.