बत्ती विझवायचे पैसे देतो, कारण शोधायचे नाही

गॅरेजमध्ये जाऊन 'एबीएसची लाइट लागतेय' म्हणून सांगा (एबीएस म्हणजे करकचून ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम), पहिला प्रश्न ठरलेला: 'ब्रेक लागतोय ना दादा?' लागतोय म्हणालात की विषय संपला. पोरगं स्कॅनर लावतं, गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड उडवतं, आणि आपण 'झालं बुवा एकदाचं' म्हणत निघतो. पुढच्या पावसात, नाहीतर पुढच्या खड्ड्यात तीच पिवळी बत्ती परत हजर. आणि नाशकात सध्या खड्ड्यांना काय तोटा! सिंहस्थाच्या नावाने बघावं तिकडे खणून ठेवलंय.

पोस्ट लांब होणार आहे, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुन्या एसयूव्हीचे ब्रेक परत परत दगा देतात त्यात गाडीच्या वयाचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा आपल्या पैसे द्यायच्या सवयीचा आहे. पॅडचे पैसे आपण देतो, ऑइलचे देतो, मजुरी घासाघीस करून का होईना देतो. पण एखाद्या मेकॅनिकने दोन तास घालवून नुसतं दुखणं कुठे आहे ते शोधलं आणि त्याचे पैसे मागितले, की आपण म्हणणार, 'अरे, पण केलंस काय तू?' मग तोही शहाणा होतो. शोधत बसत नाही. पार्ट बदलतो. त्यात त्याचे दोन पैसे सुटतात, आपल्याला बिलावर काहीतरी दिसतं, दोघंही खूश.

आमची गाडी डिझेलची, सात सीटर, पंधराव्या वर्षाला टेकलेली. कंपनी विचारू नका, मुद्दा कंपनीचा नाहीच. तिच्या तीन तक्रारी होत्या. एक, चढाला किंवा जोरात ब्रेक मारला की लाल बत्ती लुकलुकायची, तीच जी हँडब्रेक ओढल्यावर लागते. दोन, मुंबई नाक्याच्या सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं की पॅडल आपोआप हळूहळू खाली जायचं. सोडून परत दाबलं की वर. तीन, पिवळी एबीएसची बत्ती, जी मनात आलं की लागायची आणि मनात आलं की जायची.

यावर झालेले उपचार ऐका. लाल बत्तीवर ब्रेक ऑइल टाकलं. बत्ती गेली. पॅडलवर 'एअर धरलीय' म्हणून ब्लीडिंग केलं, म्हणजे पाइपातली हवा काढली. चार दिवस बरं वाटलं. पुढे नवे पॅड, मग डिस्क घासून घेतल्या, मग 'बूस्टर गेलाय बहुतेक' (पायाचा जोर वाढवून देणारा तो डबा). हा 'बहुतेक' शब्द बिलात येत नाही, पण पैसे त्याचेच लागतात.

गोम अशी की लाल बत्तीला ऑइल टाकणं हा बत्ती विझवायचा अगदी बिनचूक उपाय आहे. ब्रेक ऑइलच्या टाकीत एक तरंगता फ्लोट असतो. पातळी खाली गेली की तो स्विच लावतो. पातळी काठावर आली असेल तर चढाला, वळणाला, ब्रेक मारताना ऑइल एका बाजूला जातं आणि बत्ती लुकलुकते. पॅड झिजले की कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन बाहेर येतात आणि पातळी थोडी उतरते, हे खरं आहे. म्हणूनच 'पॅड झिजलेत' हे उत्तर नेहमी पटतं. पण नवे पॅड टाकूनही पातळी उतरत असेल, तर ऑइल कुठेतरी जातंय. ही बंद सिस्टीम आहे. पेट्रोलसारखं ते जळून संपत नाही. गळक्या माठात पाणी ओतत राहायचं आणि माठ भरलेला दिसतो म्हणून समाधान मानायचं, असा प्रकार चालला होता.

'पण खाली एक थेंब नाही साहेब, चाकंपण कोरडी आहेत,' असं जो तो सांगायचा. आणि ते खरंच कोरडं होतं.

शेवटी अंबडच्या बाजूला एक पोरगा भेटला, डिप्लोमा झालेला, शेड अगदी लहान. त्याने गाडीला हात लावायच्या आधीच सांगितलं, 'तपासणीचे पैसे वेगळे. सापडलं नाही तरी द्यावे लागतील.' माझ्यासोबत पिंपळगावचा चुलतभाऊ होता. त्याने मला कोपराने ढोसलं, चल इथून. मी थांबलो.

त्या पोराने पॅडल दाबून धरलं, इंजिन बंद आणि चालू अशा दोन्ही अवस्थेत, आणि किती खाली जातंय ते बघितलं. चाकं वर करून आतून टॉर्च मारली. सगळं कोरडं. मग मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबलं की ऑइलला दाब देणारं नळकांडं, ज्या दोन नटांवर बूस्टरला धरलेला असतो ते सोडले आणि पाइप न काढता सिलिंडर बोटभर पुढे ओढला. मागे बूस्टरचा काळा रंग फुगून पापुद्रे सुटले होते. फटीत बोट घातलं तर ओलं. ब्रेक ऑइल रंग खातं, हे ज्याच्या बोनेटवर कधी सांडलंय त्याला माहीत असेल. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं होतं आणि ऑइल जमिनीवर न पडता थेट बूस्टरच्या पोटात जात होतं. बाहेर डाग कसा दिसणार! आतलं दुसरं सीलही थकलेलं, म्हणून दाब धरत नव्हता आणि पॅडल बसत होतं. लाल बत्ती आणि पॅडल, दोन्हीचं मूळ एकाच भांड्यात.

त्याने आणखी एक सांगितलं, जे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोजच्या वापरात पिस्टन ठरावीक अंतरच फिरतो. त्याच्या पुढच्या भागात वर्षानुवर्षं ओलावा आणि गंज साचतो. ब्लीडिंगच्या वेळी मदतनीस पॅडल पार तळापर्यंत पंप करतो, तेव्हा सील त्या खरबरीत भागावर घासलं जातं. म्हणजे दुखणं शोधायच्या आधी सवयीने केलेलं ब्लीडिंग आधीच थकलेल्या सीलला आणखी लवकर संपवू शकतं. सिलिंडरला आतून रेघा पडल्या असतील तर नुसतं रबर किट टाकून भागत नाही, पूर्ण सिलिंडर बदलावा लागतो. आमचा बदलला.

पिवळ्या बत्तीची गोष्ट तर अगदीच वेगळी निघाली, तिचा या सगळ्याशी संबंधच नव्हता. त्याने स्कॅनरवर चारही चाकांचा वेग लावला आणि आम्ही कंपन्यांच्या मागच्या रस्त्याने सावकाश गाडी फिरवली. तीन आकडे एकमेकांच्या बरोबरीने चालले होते. डावं पुढचं चाक मात्र उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग फिरवलं की शून्यावर. शेडमध्ये आल्यावर दिसलं ते असं: चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरची मूळ क्लिप कधीतरी तुटलेली, कुणीतरी ती वायर केबल टायने ब्रेकच्या होसला, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीला, आवळून बांधलेली, त्यामुळे स्टिअरिंग फिरलं की वायर ताणली जायची. वरचं कव्हर तडकलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं. पावसात ओल गेली की बत्ती, वाळली की गायब. कोड उडवून ही वायर जोडली जाणार होती का? तरी नाशकातल्या निम्म्या स्कॅनरांचा उपयोग तेवढाच. त्यातही बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुतेक इंजिनचेच, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात. ब्रेकचे कोड 'सी'ने सुरू होतात, ते वाचायला चांगलं मशीन लागतं. 'स्कॅनरवर काही येत नाही' याचा अर्थ गाडीत काही नाही असा होत नाही.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी एवढं तरी वाचा. नुसती पिवळी एबीएस लागली तर साधे ब्रेक सहसा चालू असतात, फक्त करकचून ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ शकतात. सावकाश घरी या आणि दाखवा. लाल बत्ती हँडब्रेक सोडलेला असताना लागली तर गाडी बाजूला घ्या आणि ऑइल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. लाल आणि पिवळी एकत्र लागली तर मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते सांभाळणारी ईबीडीही बंद पडलेली असू शकते. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी फिरते. लोक उलटं करतात. पिवळीला घाबरतात, कारण ती नवीन वाटते, आणि लाल दिसली की हँडब्रेक खालीवर करून बघतात आणि चालायला लागतात.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक चावट गोष्ट. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, सगळ्या बत्त्या लागल्या पाहिजेत आणि मग एकेक करून विझल्या पाहिजेत. एबीएस असलेल्या गाडीत ती बत्ती लागलीच नाही तर कौतुक करू नका. बल्ब गेलेला किंवा मुद्दाम काढलेला असू शकतो. काही महाभाग तिची वायर शेजारच्या दुसऱ्या बत्तीला जोडून देतात, म्हणजे दोन्ही एकदम लागतात आणि एकदम विझतात. अक्कल आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी खर्च केलेली.

ऑइलबद्दलही बोलतो, कारण ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, डॉट ४ किमान २३० अंशाला. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ वर येते. आता सप्तशृंगी गडावरून सात माणसं आणि सामान घेऊन ब्रेकवर पाय ठेवून उतरा. चाकाजवळचं ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दबते, आणि पॅडल थेट खाली. खाली येऊन अर्धा तास थांबलात की सगळं पूर्ववत. मेकॅनिकला दाखवायला नेलं की ब्रेक ठणठणीत! 'तुम्हालाच भास झाला असेल.' दोन वर्षांनी ऑइल बदला, वरून भर घालणं म्हणजे बदलणं नव्हे. आणि कृपा करून टाकीत पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल घालू नका. एका वेळच्या त्या शहाणपणाने सिस्टीममधली सगळी रबरं फुगतात.

घाट न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणारे काका अजून प्रत्येक घरात आहेत. आजच्या डिझेल इंजिनात गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा तसाही बंद होतो, त्यामुळे वाचत काहीच नाही. इंजिनच बंद करून उतरणारे तर त्याहून पुढचे. डिझेल गाडीत बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप तयार करतो, आणि तो पंप इंजिन चालू असेल तरच चालतो. दोन-तीन वेळा ब्रेक मारलात की साठा संपला, मग पॅडल दगडासारखं.

'आता कसारा घाट कोण उतरतंय, समृद्धी झाली ना,' असं मला एका मित्राने ऐकवलं. झाली. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, प्रवास सुखाचा झाला. पण तिथे गाडी १२० ने पळते. ८० च्या तुलनेत १२० वरून थांबायला ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. घाट टळला, ब्रेकची परीक्षा टळली नाही.

सरकारबद्दलही राग आहेच. टॅक्सी-ट्रकला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं. खाजगी गाडीला? पहिली पंधरा वर्षं कुणी ब्रेककडे बघायला बांधील नाही. पीयूसी नसेल तर दंड, धूर तपासला जातो, थांबते की नाही ते कुणी विचारत नाही. मग पंधराव्या वर्षी पेठ रोडला आरटीओत जा, फी भरा, ग्रीन टॅक्स वेगळा. कंपनीच्याच चुकीने बिघाड असेल तर? १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचा, म्हणजे गाड्या परत बोलावून दुरुस्त करून द्यायचा, नियम आला खरा, पण तो सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना. विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड बसत नाही. म्हणजे आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत तुम्ही आणि तुमचा मेकॅनिक, तिसरं कुणी नाही. म्हणूनच त्या मेकॅनिकला शोधायचे पैसे द्या असं मी म्हणतोय.

'विकून टाक ना मग' म्हणणाऱ्यांनी हप्ता भरायची तयारी दाखवावी, लगेच विकतो.

आमच्या गाडीचं एक काम अजून राहिलंय. मागच्या अॅक्सलवर येणारी रबरी होस दाबली की बारीक भेगा दिसतात. पासिंगच्या आधी ती बदलायची आहे, आणि ती बदलताना एबीएसच्या मॉड्यूलमध्ये (ब्रेकचा दाब सांभाळणाऱ्या पेटीत) हवा शिरली तर स्कॅनरने पंप चालवूनच ब्लीडिंग करावं लागतं. त्या अंबडच्या पोराकडे तेवढं मशीन नाही, त्याने तसं सरळ सांगितलं. नाशकात कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये एरिया आणि तपासणीचा रेट टाका. फुकट तपासून देणारे सुचवू नका.