९ किलोची खुर्ची, २३३ किलोंची बिल्टी

सांगलीहून पुण्याला मामांनी वेताची खुर्ची पाठवली. खुर्ची ९ किलोंची. बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्यांच्या मालाच्या पावतीवर, वजन २३३ किलो, दर किलोला ६ रुपये, भाडं १,४००. खाली बिल्टी चार्ज, डिझेल सरचार्ज, हमाली आणि वर ठसठशीत शिक्का 'टू पे'. म्हणजे प्रेम मामांचं, पैसे भाच्याचे.

हमालीबद्दल एरवी मी तोंड उघडत नाही. पण हमालीसुद्धा २३३ किलोंवर लावली होती आणि हमालाने खुर्ची आणली ती एका हाताने. दुसऱ्या हातात मोबाईल होता, त्यावर तो बोलत होता.

"अहो, यात २३३ किलो कुठे आहेत?"

"साहेब, ते चार्जेबल वेट आहे," ट्रान्सपोर्ट कंपनीचा क्लार्क म्हणाला. "खऱ्या वजनाचा संबंध नाही."

तत्त्व मला मान्य आहे. ट्रकमध्ये दोनच गोष्टी विकायला असतात, वजन आणि जागा. लोखंडाचे नट भरले तर जागा उरते आणि वजन संपतं. थर्माकोल भरला तर उलटं. म्हणून खरं वजन आणि घनफळावरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त त्यावर भाडं. हिशोब असा : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, २७,००० ने भागायचं, म्हणजे घनफूट मिळतात. त्याला कंपनीच्या आकड्याने, म्हणजे ती एका घनफुटाला जितके किलो धरते त्याने, गुणायचं. हा आकडा कुणाचा ६, कुणाचा ८, कुणाचा १०. तो बुकिंग करतानाच विचारायचा असतो, कारण माल आल्यावर तो नेहमी १०च असतो. खुर्ची ९० बाय ७० बाय १००. झाले २३.३३ घनफूट, म्हणजे २३३ किलो.

पण २७,००० आले कुठून? ३० गुणिले ३० गुणिले ३०. फूट असतो ३०.४८ सेंटिमीटरचा आणि खरा घनफूट भरतो २८,३१७ घनसेंटिमीटर. हिशोबाच्या सोयीसाठी वरचे ०.४८ छाटले. सोय कुणाची, ते सांगायला नको. खऱ्या फुटाने माझी खुर्ची २२२ किलोंवर थांबली असती. म्हणजे नुसता फूट आखडल्यामुळे जे ११ किलो वाढले, ते अख्ख्या खुर्चीपेक्षा जड आहेत! हीच खुर्ची विमानाने आली असती तर भागाकार ६,००० ने, वजन १०५ किलो. जहाजाने सुट्या मालात आली असती तर एक घनमीटर म्हणजे एक टन, वजन ६३० किलो. वाहन जितकं संथ, तितकी खुर्ची जड. दर तिकडे उतरतात हे खरं, पण त्याने जिवाचं समाधान होत नाही.

मी हे क्लार्कला पटवत असताना शेजारच्या बाकावरून आवाज आला, "भांडू नका. भरून पाठवायचं."

टोपी घातलेले एक गृहस्थ होते. त्यांच्यासमोर १,००० लिटरची काळी पाण्याची टाकी उभी, तोंडाला गोणपाट शिवलेलं.

"या टाकीचं वजन किती?" त्यांनी मलाच विचारलं.

"असेल पंचवीस-तीस किलो."

"बिल्टीवर ५६० आहे. ११० बाय ११० बाय १२५. टाकी गोल आहे, पण हे चौकोनी खोक्याच्या मापाने मोजतात. चार कोपरे हवेतले, त्यांचे पैसे मी दिले. शेकडा २१ टक्के हवा! मग मी म्हटलं, बाहेरची हवा तुमची, तर आतली माझी."

त्यांनी गोणपाटाचा टाका उसवला. आत दोन गाद्या, ज्वारीचं पोतं, पितळी घंगाळ, धाकट्या मुलाची सायकल सुटी करून आणि लोणच्याची बरणी.

"अजून तीनशे किलोंची जागा शिल्लक होती," ते हळहळले. "घरात सामानच संपलं. बायको म्हणाली, आता तुम्हीच बसा."

क्लार्कने मान वर केली नाही. त्याच्या बिल्टीवर छापलेलं असतं 'सेड टू कंटेन', म्हणजे आत काय आहे ते पाठवणाऱ्याने सांगितलं, आम्ही पाहिलं नाही. या तीन शब्दांवर वाहतूकदार निवांत झोपतो. काकांची युक्ती बिनतोड आहे, पण घंगाळ हरवलं तर भरपाई मागायची कशाची? कागदावर टाकी एक नग. आणि बरणी फुटून शेजारच्या कापडाच्या गठ्ठ्यावर तेल गेलं, तर कंपनी काकांनाच धरेल. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरणी प्लास्टिकची आहे."

माझी खुर्ची मात्र फुटली होती. डाव्या हाताचा वेत उसवून काठी मोडलेली.

"ओनर्स रिस्क," क्लार्कने बिल्टीवर बोट ठेवलं.

म्हणजे जोखीम मालकाची. ते दोन शब्द छापले की सगळं संपतं, अशी यांची श्रद्धा असते. तसं नाही. रस्तेवाहतुकीचा २००७चा कायदा आहे आणि त्याचे २०११चे नियम आहेत. जास्तीचा दर भरून जोखीम वाढवून घेतली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, पण घोषित किमतीच्या वर नाही. दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस, बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत. म्हणजे वजन फुगवून यांनी भाडं १,४०० केलं, तेव्हा स्वतःची जबाबदारीही १४,००० केली. मी क्षणभर हरखलो. मग घोषित किंमत पाहिली. मामांनी लिहिली होती ५०० रुपये. खुर्चीपेक्षा तिचं भाडं जवळजवळ तिप्पट.

आणि थांबण्याचे दरही एकतर्फी. माल गोदामात पडून राहिला तर डॅमरेज. ट्रक खाली होईपर्यंत उभा राहिला तर हॉल्टिंग. गिऱ्हाईक खिडकीपाशी उभं राहिलं तर त्याला काही नाव नाही, म्हणून दरही नाही.

शेवटी क्लार्कने पोचपावतीची प्रत पुढे सरकवली. 'माल सुस्थितीत मिळाला' हा शिक्का आधीच मारलेला. अशा वेळी सही करण्यापूर्वी नुकसान त्याच कागदावर लिहायचं असतं, नंतर कुणी ऐकत नाही. मी शिक्का खोडला आणि लिहायला लागलो : डाव्या हाताची काठी मोडली, वेत उसवला, गोणपाट फाटलेलं...

"साहेब, आवरा. तिथे एवढी जागा नाही."

"जागेचेच पैसे घेतलेत ना?" बाकावरून काका म्हणाले.