अर्थिंगची पिन कापायला निघालेल्यांसाठी

‘जाड अ‍ॅडॉप्टरने बोर्डावरची शेजारची सॉकेट अडतात? वायरमनला बोलावू नका!’ असा मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. त्यातले उपाय असे: अर्थिंगची पिन पक्कडीने कापा, म्हणजे अ‍ॅडॉप्टर उलटाही बसेल. मल्टिप्लगवर मल्टिप्लग चढवा. स्पाइक गार्ड असेल तर लोडची काळजी सोडा. उपकरणात जाणारी पिन गोल असलेले अ‍ॅडॉप्टर सगळे सारखेच, एकावरच राउटर आणि सेट टॉप बॉक्स चालवा. आणि रिकामा अ‍ॅडॉप्टर लगेच काढा, तो महिन्याला दोनशे रुपये खातो.

असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. पण आत्याने हा मनावर घेतला, लॅपटॉपच्या वायरीची पिन उडवली आणि इस्त्रीचा टॉप, म्हणजे प्लग, हातात धरून मला फोन केला, “हिचीही कापू का गं?”

नाही! इस्त्रीची तर अजिबात नाही.

आपल्या प्लग-सॉकेटचं भारतीय मानक आहे, आयएस 1293. थ्री पिन टॉपची वरची, म्हणजे अर्थिंगची, पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, ती शोभेसाठी नव्हे. लांब असल्यामुळे प्लग घालताना ती सगळ्यांत आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटते. इस्त्रीच्या आत फेजची, म्हणजे करंट आणणारी, वायर सोलून पत्र्याला टेकली, तर तो करंट या पिनेतून जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) उडतो. पिन नसेल तर इस्त्री आपली गरम होत राहते, काही बिघडलंय असं वाटतच नाही, आणि पत्र्याला 230 व्होल्ट. पुढचा हात कुणाचा लागेल ते कोण सांगणार?

मेसेज म्हणतो ते एक खरं आहे, पिन कापली की प्लग उलटा बसतो. पण उलटा बसला की फेज आणि न्यूट्रलची (करंट परत नेणाऱ्या वायरीची) अदलाबदल होते. उपकरणाचं स्वतःचं बटण फक्त एकच वायर तोडणारं असेल, तर ते आता न्यूट्रल तोडतं. बटण बंद, आत फेज जिवंत.

याहून कहर पुढेच आहे. शटरवाल्या पुष्कळ सॉकेटांत कापलेला प्लग जातच नाही, कारण शटर उघडते तीच पिन. त्यावर मेसेजचा तोडगा: वरच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घाला! कितीतरी जुन्या घरांत अर्थिंग मुळात नसतं, किंवा कुणा महाभागाने ते बोर्डातच न्यूट्रलला जोडून ठेवलेलं असतं. मागे न्यूट्रल तुटला आणि बोर्डावर काहीही चालू असलं, की त्याच भोकात करंट. ती शटर लहान मुलांची बोटं आणि खिळे बाहेर राहावेत म्हणून असतात, आणि आपण त्यांना दार उघडायला शिकवतोय.

आता मान्य करावं लागेल ते करते. ज्या अ‍ॅडॉप्टरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याला अर्थिंग लागत नाही. त्याची तिसरी पिन पुष्कळदा नुसती प्लास्टिकची, शटर उघडण्यापुरती असते. पण म्हणून सगळ्यांच्याच कापायच्या? लॅपटॉपच्या थ्री पिन वायरीतून अर्थिंग खरोखर आत जातं. ते तोडलं की धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर मनगट टेकवल्यावर झिणझिण्या येतात. आत्याला आता त्याच येताहेत.

मल्टिप्लगचं म्हणाल, तर राउटरचे 12 वॅट, लॅपटॉपचे 65, सेट टॉप बॉक्सचे वीसेक. 6 अँपिअरचा बोर्ड 1380 वॅटपर्यंत पेलतो, तेव्हा नुसत्या अ‍ॅडॉप्टरांनी तो जळणार नाही. पण त्याच मनोऱ्यावर 1000 वॅटची इस्त्री आणि 1500 वॅटची किटली आली की खेळ संपला. शिवाय लटकणाऱ्या वजनाने सॉकेटातली पकड सैल होते, आणि सैल जोड तापतो, काळा पडतो. स्पाइक गार्ड क्षणभराच्या जादा व्होल्टेजसाठी असतो. लोड अडवण्याचं काम त्यातल्या फ्यूजचं किंवा कटऑफचं, आणि तो असेलच असं नाही.

एका अ‍ॅडॉप्टरवर दोन वस्तू? व्होल्ट तेच, पिनची प्लस-मायनस तीच आणि अँपिअर दोघांच्या बेरजेइतके असतील, तरच. 9 व्होल्टच्या राउटरला 12 व्होल्ट दिलेत तर नवा राउटर घ्यायची तयारी ठेवा.

दोनशे रुपयांचं गणित तर कुणी केलंच नाही. रिकामा अ‍ॅडॉप्टर अर्धा वॅट खातो असं धरलं, तरी वर्षभरात साडेचार युनिटही होत नाहीत.

जाड अ‍ॅडॉप्टरला टोकाचं सॉकेट द्या, अंग बाहेरच्या बाजूला. तेही जमत नसेल तर फूटभराची थ्री पिन एक्स्टेंशन वायर मिळते, ठोकळा तिच्या टोकाला, म्हणजे बोर्डावर फक्त टॉप बसतो. किंवा सॉकेट लांब-लांब असलेला बोर्ड घ्या. आत्याच्या लॅपटॉपची अ‍ॅडॉप्टरपर्यंतची वायर सुटी निघते, ती नवी मागवली आहे. कापलेली वायर कचऱ्यात.