बाहेर, पण कुठे?

ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याचा, एक ठरलेला सारांश मराठी वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरत असतो: जनतेनं २०१६ साली स्पष्ट कौल दिला, लंडनच्या पुढाऱ्यांनी त्याचा चार वर्षं घोळ घातला. पाठोपाठ सूचनाही येते की वेगळा विदर्भ, बेळगाव हे आपले भिजत पडलेले प्रश्नही एकदाचे सार्वमतानं मिटवून टाका. ब्रिटनमध्ये बसून हे वाचताना वाटतं, घोळ पुढाऱ्यांनी घातला हे खरं, पण त्याची सोय मतपत्रिकेतच करून ठेवलेली होती.

२३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते: युरोपीय संघात राहायचं किंवा बाहेर पडायचं. बाहेर पडण्याच्या बाजूनं १,७४,१०,७४२ मतं पडली, म्हणजे ५१.९ टक्के. राहण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, कारण लोक त्याच व्यवस्थेत राहत होते. बाहेर पडण्याचे मात्र निदान चार अर्थ होते. नॉर्वेसारखं संघाबाहेर राहूनही युरोपच्या एकल (सामाईक) बाजारात राहायचं, म्हणजे पैसे भरायचे, नियम पाळायचे, लोकांची ये-जा मोकळी ठेवायची आणि नियम ठरताना मत द्यायचं नाही. तुर्कस्तानसारखा जकातीचा संघ करायचा, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्या मालाला सगळ्यांचा दर एकच. कॅनडासारखा व्यापार करार करायचा. नाहीतर कुठलाच करार न करता जागतिक व्यापार संघटनेच्या सर्वसाधारण दरांवर जगायचं. सार्वमताच्या २०१५ च्या कायद्यात यातल्या एकाचाही उल्लेख नव्हता. किमान मतांची अटही नव्हती. स्कॉटलंडच्या १९७९ च्या सार्वमतात एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा अशी अट होती. तिथे झालेल्या मतदानापैकी ५१.६ टक्के मतं बाजूनं पडूनही ते प्रमाण एकूण मतदारांच्या ३३ टक्क्यांच्या आसपासच राहिलं आणि प्रस्ताव बारगळला. म्हणजे अशी अट कशी घालतात हे वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटिश संसदेला, चांगलं माहीत होतं.

पुढचा तमाशा मग अटळच होता. १५ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान थेरेसा मे यांनी बाहेर पडण्यासाठी युरोपीय संघाशी केलेला करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. २७ मार्चला खासदारांनी आठ पर्यायांवर मतं दिली, त्यातल्या एकालाही बहुमत मिळालं नाही. १ एप्रिलला पुन्हा चार पर्याय आले. जकात संघाचा पर्याय तीन मतांनी पडला, बाकीचेही पडले. प्रत्येक वाटेच्या विरोधात बहुमत होतं, बाजूनं कुठल्याच वाटेच्या नव्हतं. याला नुसता खासदारांचा नादानपणा म्हणून चालणार नाही. त्या सभागृहाला जनतेनं दिशा दिली होती, मुक्काम सांगितलाच नव्हता.

ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातलं आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामधल्या सीमेनं तर गणितच अडवलं. सुमारे ५०० किलोमीटरची ही सीमा १९९८ च्या शांतता करारानंतर शेतांतून, गल्ल्यांतून जवळपास अदृश्य झाली होती. सरकारनं तीन वचनं दिली: जकात संघ सोडू, या सीमेवर तपासणी नाके येणार नाहीत आणि उत्तर आयर्लंड व उरलेल्या ब्रिटनमध्येही आडकाठी येणार नाही. यातली कुठलीही दोन पाळता येतात, तिसरं मोडावंच लागतं. मे यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तिसरं मोडलं आणि नाके समुद्रापलीकडच्या उत्तर आयर्लंडच्या बंदरांवर गेले. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या विंडसर करारानं उत्तर आयर्लंडमध्येच विकायच्या मालाला हिरवी आणि पुढे आयर्लंड प्रजासत्ताकात जाऊ शकणाऱ्या मालाला लाल अशा दोन मार्गिका केल्या. तपासणी सौम्य झाली, संपली नाही.

सार्वमतच हवं असेल तर त्याचा नमुना शोधायला आपल्याला लंडनला यायची गरज नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे दोन्ही बाबतींत ठरलेलं होतं. यंत्रणा सत्ताधाऱ्यांच्या हातात राहू नये म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारनं आधी राजीनामा दिला. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं. महाराष्ट्रात अनेकांना ते झोंबलं, पण निकालाचा अर्थ काय यावर कुणी वर्षं घालवली नाहीत. त्यातही खोट होती. स्वतंत्र राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता, तो मिळायला १९८७ उजाडलं. तरी जे विचारलं ते अंमलात आणण्यासारखं होतं. विदर्भाचा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी कर्जाची वाटणी, पाणी, अनुशेष आणि नोकरवर्ग यांचा मसुदा मतदारापुढे ठेवावा, मग मत मागावं.

मतदार कोण, हाही प्रश्न तितकाच टोकदार. २०१६ ला ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताचा हक्क होता. म्हणजे पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला, भारतीय पासपोर्टवाला इंजिनीअर मतदार यादीत नाव घालून मत देऊ शकत होता. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेला, इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातल्या गोदामात पाळ्या करणारा गोंयकार देऊ शकत नव्हता. भवितव्य पणाला लागलं होतं ते त्याचं.

गोव्यात या लोकांबद्दल बोलताना सूर पटकन चढतो: पासपोर्टसाठी देश सोडला. प्रत्यक्षात पोर्तुगीज कायद्यानं १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवला आहे. जन्माची नोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात करायची, मग ओळखपत्र, मग पासपोर्ट. भारतीय नागरिकत्व मात्र त्यासोबत जातं. ब्रेक्झिटनंतर यातल्या जे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटनमध्ये राहायला आले होते त्यांनाच थांबता आलं, तेही ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून. सलग पाच वर्षं झाली असतील तर कायमचा दर्जा, नसतील तर तात्पुरता. अडकले ते साध्या गोष्टींत. घरभाडं रोखीनं, करारावर नाव दुसऱ्याचं, त्यामुळे राहण्याचा पुरावाच नाही. मुलांचा वेगळा अर्ज लागतो हे ठाऊक नाही. बारा महिन्यांत सहा महिन्यांहून जास्त गावी राहिल्यामुळे सलगता तुटलेली. शिवाय हातात कार्ड नाही, सगळं ऑनलाइन. पासपोर्ट बदलला आणि नवा क्रमांक खात्यात भरला नाही, तर विमानतळावर खोळंबा. दोन्हीकडून परकं ठरण्याचा धोका या माणसांनी पत्करला, त्यांना देशप्रेमाचे धडे देणं मला पटत नाही.

‘सार्वभौमत्व’ हा शब्द भाषणात भारदस्त वाटतो, गोदामात त्याचे फॉर्म होतात. भारतातून आलेलं लोणचं लंडनजवळ उतरवून, लहान बाटल्यांत भरून डब्लिनच्या दुकानाला पाठवायचं म्हणा. पूर्वी बिल फाडलं की ट्रक निघायचा. आता निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक, मालाचा सांकेतिक क्रमांक, निर्यात घोषणापत्र, आयरिश जकात खात्याला आगाऊ सूचना आणि पलीकडे युरोपात नोंदलेला आयातदार, ज्याचा पत्ता लेबलवर हवा. ब्रेक्झिटनंतरच्या ब्रिटन-युरोप व्यापार करारात शून्य जकात लिहिली आहे, पण ती ब्रिटन किंवा युरोपात तयार झालेल्या मालाला. नुसतं भरून लेबल चिकटवल्यानं लोणचं ब्रिटिश होत नाही. त्यामुळे ब्रिटनमध्ये शिरताना भरलेली जकात बाजूला आणि युरोपची वेगळी. माल जकात न भरता थेट पुढे (ट्रांझिटमध्ये) पाठवला किंवा जकात भरेपर्यंत माल ठेवता येतो अशा जकात गोदामात ठेवला तरच दुहेरी भार टळतो. छोटा व्यापारी आपले पाचपन्नास खोके इतरांच्या मालासोबत एकाच ट्रकमधून पाठवतो. त्यात एकाचा कागद चुकला की सगळा ट्रक अडकतो. मोठ्या कंपन्यांनी डब्लिन किंवा रॉटरडॅमला दुसरं गोदाम घेतलं, छोट्यांनी युरोपची गिऱ्हाईकं सोडली.

भारतीयांचं मात्र भलं झालं, असंही घरचे लोक म्हणतात. काही काळ झालंही. २०२१ पासून युरोपीय आणि भारतीय अर्जदार व्हिसाच्या एकाच रांगेत आले. पण कुशल कामगार व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर गेली. त्याच जुलैत केअर वर्करची, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांची, परदेशातून नवी भरती बंद झाली. युरोपीय नागरिकाचा हक्क करारात होता, आपला गृहखात्याच्या परिपत्रकावर आहे.

आता चाक उलटं फिरतंय. १९ मे २०२५ ला ब्रिटन आणि युरोपीय संघानं अन्न व वनस्पतींच्या तपासण्या कमी करण्याचं तत्त्वतः मान्य केलं. बदल्यात ब्रिटननं त्या क्षेत्रातले युरोपचे नियम, पुढे होणाऱ्या बदलांसकट, पाळायचे. चर्चेत सहभाग मिळेल, मत नाही. युरोपीय कायद्याचा अर्थ लावताना शेवटचा शब्द युरोपीय न्यायालयाचा. युरोपच्या बोटींना मासेमारीही जून २०३८ पर्यंत खुली. नॉर्वेचा पर्याय अपमानास्पद म्हणून झिडकारला, त्याचाच एक तुकडा आता हप्त्यानं घरात येतोय, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो.

नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारानं हा करार बारकाईनं पाहावा. २०२१ पासून कीटकनाशकांच्या अंशाची कमाल मर्यादा युरोपची वेगळी आणि ग्रेट ब्रिटनची (उत्तर आयर्लंड वगळून) वेगळी ठरते. रॉटरडॅमला उतरलेली पेटी पुढे ब्रिटनला जाणार असेल तर दोन्ही याद्या तपासाव्या लागतात. करार पूर्णपणे लागू झाला तर पुन्हा एकच यादी उरेल. तोवर फवारणीचं वेळापत्रक ठरवताना प्रत्येक औषधासाठी दोन्हींपैकी कडक असलेला आकडा धरणं बरं.