स्क्रीनवर नसलेलं बटण

इंदूरच्या रामबागेत राहणारी माझी आत्या ७८ वर्षांची आहे आणि सरकारी कागदांवर ती चार जणी आहे. मॅट्रिकच्या मार्कशीटवर तिचं माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात आतोबांनी अंगठीनं लिहिलेलं दुसरं नाव घराच्या रजिस्ट्रीत. आधारवर तेच, पण नवऱ्याचं नाव मधून गळालेलं. समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या रहिवासी ओळख क्रमांकात, किओस्कवाल्यानं आडनाव हिंदी कानानं ऐकून टाइप केलेलं. आतोबा गेले आणि एका खात्याच्या पोर्टलवर वारस म्हणून तिचं नाव चढवायची वेळ आली, तेव्हा या चौघींची पहिल्यांदा गाठ पडली. फॉर्म दुसऱ्या पानापुढे जाईना. "आंटीजी, नाम मैच नहीं हो रहा," हे किओस्कवर चारदा ऐकून ती सरळ कचेरीत गेली. तिथला बाबू भला निघाला. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिले आणि सांगितलं, त्या तुम्हीच आहात हे मला दिसतंय, पण माझ्या स्क्रीनवर 'हो' म्हणायला बटणच नाही.

तिनं हे मला मेलबर्नला फोन करून ऐकवलं, कारण तिच्या समजुतीनं मी 'सरकारचे कंप्यूटर लावायला' इथे आलोय. समजूत फार चुकीची नाही. इथल्या सरकारी खात्यांना कागदावरचं कामकाज डिजिटल करायचा आराखडा आखून देणं, मग तो अमलात येताना डोळ्यांदेखत कसा वाकतो ते पाहत बसणं, हाच माझा धंदा.

इंदूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर या विषयाचे दोन पक्ष आहेत. चुलतभावाचा पक्ष म्हणतो, सगळं ऑनलाइन करा, मधला माणूस काढा, चिरीमिरी आपोआप बंद. मामांचा पक्ष म्हणतो, ऑनलाइनच्या नावानं म्हाताऱ्यांना छळायचं काढलंय, पूर्वी निदान हात जोडायला कुणी तरी समोर असायचं. आणि मी "तिकडे बघा कसं असतं" म्हणून निकाल द्यावा, अशी दोघांचीही अपेक्षा.

तर तिकडचं ऐका. इथे ऑस्ट्रेलियात बेकारांना, विद्यार्थ्यांना भत्ता सेंट्रलिंक या सरकारी यंत्रणेकडून मिळतो आणि घेणाऱ्यानं आपली कमाई दर पंधरवड्याला कळवायची असते. २०१६ मध्ये त्याची पडताळणी यंत्रावर सोपवली. आयकर खात्याकडचा वर्षाचा आकडा घ्यायचा, २६ पंधरवड्यांनी भागायचा, आणि कळवलेल्या आकड्याशी जमला नाही की वसुलीची नोटीस. सहा महिने नोकरी करून उरलेले सहा महिने घरी बसलेल्या माणसाचा हिशेब असा जुळायचा कसा? पूर्वी आकडे जुळले नाहीत की कर्मचारी चौकशी करायचा, गरज पडली तर मालकाला विचारायचा. तोच नेमका 'मधला माणूस' होता. तो काढला आणि वर्षाला जेमतेम २०,००० प्रकरणं तपासणारं खातं आठवड्याला तेवढी काढू लागलं. आपण निर्दोष आहोत हे जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधून दाखवायचं काम नोटीस मिळालेल्यावर. लोक त्याला रोबोडेट, म्हणजे यंत्रानं लादलेलं कर्ज, म्हणू लागले. २०१९ मध्ये न्यायालयात ही पद्धत बेकायदा ठरली, पुढच्या वर्षी सरकारनं ४,७०,००० वसुल्यांचे सुमारे ७२ कोटी डॉलर परत करायचं कबूल केलं आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगानं तिला क्रूर आणि ओबडधोबड म्हटलं. 'नाम मैच नहीं हो रहा'च, फक्त इंग्रजीतून.

त्याच २०२३ मध्ये कंपन्यांच्या नोंदवह्या एकत्र करायचा इथला मोठा प्रकल्प सरकारनं गुंडाळला. सुरुवातीचा अंदाज ४८ कोटी डॉलरचा होता आणि आकडा २८० कोटींवर जाण्याची चिन्हं होती. फजिती खरीच, पण बुडत्या कामाला "बस झालं" म्हणणं मला इथे शिकण्यासारखं वाटलं. आमच्याकडे बंद पडलेलं पोर्टलसुद्धा उद्घाटनाच्या फोटोत जिवंत राहतं.

मात्र सगळी अक्कल इकडेच आहे असं अजिबात नाही. मध्य प्रदेशातली सायबर तहसील बघा. जमिनीची रजिस्ट्री झाली की नामांतरणाचं, म्हणजे नव्या मालकाचं नाव चढवायचं, प्रकरण अर्जाशिवाय सुरू होतं. फेब्रुवारी २०२४ पासून ती सगळ्या जिल्ह्यांत आली. पण ज्यानं आखली त्यानं सुरुवातीला फक्त वाद नसलेले आणि अख्खा खसरा (जमिनीचा गट) विकला गेल्याचे व्यवहार घेतले. वाटण्या, भांडणं, अर्धे तुकडे बाजूला ठेवले. यंत्राच्या हाती काय द्यायचं नाही हे आधी ठरवणं आमच्या धंद्यात सगळ्यांत कठीण असतं. त्याआधी २०१० चा लोकसेवा गारंटी कायदा. कुठलं काम किती दिवसांत, कुठल्या अधिकाऱ्याकडे, आणि विनाकारण उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, ५,००० पर्यंत, त्याच्याच खिशातून. त्यात संगणकाचा 'स'सुद्धा लागत नाही, तरी मी त्याला चांगलं सॉफ्टवेअर मानतो, कारण चुकलं तर कुणाची मान धरायची हे त्यात लिहिलंय.

याच्याही आधी, जानेवारी २००० मध्ये, शेजारच्या धारला 'ज्ञानदूत' सुरू झालं होतं. गावोगावी सूचनालय, तिथे खसऱ्याची नक्कल, मंडीचे भाव, तक्रार नोंदवायची सोय. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोमचा पुरस्कार मिळाला. कॉलेजात असताना आम्ही ते बसनं जाऊन पाहिलं होतं आणि परत येताना इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत खाऊन जग बदलल्याचं एकमेकांना सांगितलं होतं. पुढे वीज, फोनची लाइन यांच्या पायी वापर आटत गेला. आज वाटतं, तेव्हा आम्ही सगळे कंप्यूटरकडे बघत होतो. दुसऱ्या टोकाला उत्तर द्यायला कोण बसलंय हे एकानंही विचारलं नाही.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही पक्षांशी माझं जमत नाही. मामांना हवा तो बाबू परत आला तर चहापाण्यासकट येईल. भावाला हवं ते यंत्र आलं तर आत्या कायमची चार जणी राहील. मला एवढंच हवंय की बाबूला ते बटण मिळावं, दाबल्यावर त्याचं नाव आणि कारण नोंदलं जावं, आणि हे टेंडर निघायच्या आधी ठरावं. नंतर ते 'चेंज रिक्वेस्ट' होतं, म्हणजे आमच्यासारख्यांचं बिल.

आत्याचं काम शेवटी मंगळवारच्या जनसुनवाईत मार्गी लागलं. एका अधिकाऱ्यानं चारही कागद वाचून अर्जाच्या कोपऱ्यात पेनानं शेरा मारला: एकच व्यक्ती. तो शेरा पोर्टलमध्ये शिरायला आणखी तीन आठवडे लागले.

"तुमच्याकडे असतं ना रे ते बटण?" तिनं विचारलं.

सध्याच्या कामाच्या आराखड्यात त्याच्यासाठी मी तीन पानं लिहिली होती. गेल्या बैठकीत सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं आणि ती दुसऱ्या टप्प्यात ढकलली.