दर १८ मिनिटांचा ‘निरोप’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही दिवसांत जळगाव-भुसावळपासून थेट शहादा-तळोद्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘अवकाशातून आजही दर १८ मिनिटांनी पृथ्वीच्या दिशेने रेडिओ संदेश येत आहे, एवढा नेमकेपणा निसर्गात असूच शकत नाही, भौतिकशास्त्राचे नियम त्यापुढे कोलमडले आहेत, शास्त्रज्ञ खरे सांगत नाहीत, आणि भास्कराचार्यांना हे सर्व ठाऊक होते.’ सोबत घुमणाऱ्या आवाजाची एक ध्वनिफीतही जोडलेली आहे. भुसावळला अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे हा संदेश माझ्याकडे माजी विद्यार्थ्यांकडून चार-पाचदा तरी आला, म्हणून हे लेखी उत्तर.

संदेशाच्या मुळाशी असलेली घटना खरी आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मर्चिसन वाइडफील्ड ॲरे या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपासताना टायरोन ओ’डोहर्टी या विद्यार्थ्याला एक विलक्षण स्रोत सापडला. तो दर १८.१८ मिनिटांनी अर्धा ते एक मिनिट उजळत असे, आणि उजळला की कमी वारंवारतेच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी स्रोतांत त्याची गणना व्हावी इतका तेजस्वी दिसे. नताशा हर्ली-वॉकर यांच्या गटाने जानेवारी २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची सविस्तर माहिती प्रसिद्ध केली. ‘खरे सांगत नाहीत’ या आरोपाला एवढे उत्तर मला पुरेसे वाटते. ‘आजही येत आहे’ हे विधान तर सरळ चूक आहे, कारण ही स्पंदने जानेवारी ते मार्च २०१८ या काळातील नोंदींत सापडली आणि शोध लागला तेव्हा स्रोत केव्हाच शांत झालेला होता. ध्वनिफितीबद्दल इतकेच की रेडिओ लहरी म्हणजे आवाज नव्हे. आकड्यांचे रूपांतर करून कोणत्याही मोजमापाला आवाज देता येतो, अगदी हतनूर धरणाच्या पाणीपातळीलाही.

आता नेमकेपणाकडे वळू. ‘नेमके म्हणजे कृत्रिम’ हा तर्क नवा नाही. १९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल यांना दर १.३३७ सेकंदांनी येणारी स्पंदने आढळली, तेव्हा त्यांच्या गटाने त्या स्रोताला अर्ध्या थट्टेने ‘छोटी हिरवी माणसे’ असे नाव दिले होते. काही आठवड्यांतच आकाशाच्या अगदी वेगळ्या भागात तसाच दुसरा स्रोत मिळाला आणि थट्टा संपली. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन ठिकाणांहून एकाच पद्धतीने कुणी आपल्याला खुणावेल, हे संभवत नव्हते. ते स्रोत म्हणजे वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरलेले अतिशय घन गाभे होते; अशा स्पंदने देणाऱ्या ताऱ्यांना स्पंदक म्हणतात. फिरणारी किंवा प्रदक्षिणा घालणारी वस्तू नेमकीच असते. गुरूकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा जोर त्याच्या आयो या उपग्रहाच्या साडेबेचाळीस तासांच्या प्रदक्षिणेशी बांधलेला आहे, आणि तेथे कुणी घड्याळ लावून बसलेले नाही. शिवाय १८ मिनिटांचा स्रोत आता एकटा राहिलेला नाही: २२ मिनिटे, ४४ मिनिटे, ५४ मिनिटे, दोन तास, जवळपास तीन तास, साडेसहा तास अशा निरनिराळ्या आवर्तनकाळांचे स्रोत निरनिराळ्या दिशांना सापडले आहेत.

कृत्रिम प्रसारण ओळखण्याची याहून चांगली कसोटी वारंवारतेची आहे, आणि ती आपल्याकडे घरोघरी होऊन गेलेली आहे. जुन्या रेडिओवर जळगाव केंद्र लावायचे तर काटा एका ठरावीक जागी आणावा लागे. जरा सरकला की केंद्र गेले. पण मे महिन्याच्या शेवटी वळवाची वीज कडाडली की काटा कुठेही असो, खरखर ऐकू येई. प्रसारण करणारा आपली सगळी शक्ती अरुंद पट्ट्यात ओततो, निसर्ग ती पसरून टाकतो. १८ मिनिटांचा स्रोत ७२ ते २१५ मेगाहर्ट्झ एवढ्या रुंद पट्ट्यात एकाच वेळी चमकत होता, म्हणजे तो विजेच्या जातीचा होता. त्याच्या स्पंदनांतील कमी वारंवारतेचा भाग किंचित उशिरा पोहोचत होता. ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांतून आलेल्या लहरींची ही ओळखखूण आहे, आणि त्या विलंबावरूनच स्रोताचे अंतर सुमारे ४,००० प्रकाशवर्षे ठरवण्यात आले. ‘पृथ्वीच्या दिशेने’ या शब्दांतही काही अर्थ नाही. दीपगृहाचा झोत ज्याच्या अंगावरून जातो त्याला तो आपल्याकडेच रोखलेला वाटतो; ज्यांचे झोत आपल्याला चुकवून जातात, ते स्रोत आपल्याला दिसतच नाहीत.

‘भौतिकशास्त्राचे नियम कोलमडले’ या विधानाकडे मात्र सावकाश पाहिले पाहिजे, कारण खरे कोडे त्याच्या शेजारीच आहे. सामान्य स्पंदक आपल्या फिरण्याची ऊर्जा खर्च करून रेडिओ लहरी देतो. तो मंदावत जातो तसे त्याच्या ध्रुवांजवळील विद्युतक्षेत्र दुबळे होते, ज्यांच्यामुळे रेडिओ लहरी निघतात त्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन या कणांच्या जोड्या निर्माण होणे थांबते आणि रेडिओ विझतो. या मर्यादेला खगोलशास्त्रज्ञ मृत्युरेषा म्हणतात. १८ मिनिटांचा स्रोत न्यूट्रॉन तारा असेल तर त्याचे तेज त्याच्या फिरण्यातून मिळू शकणाऱ्या ऊर्जेपेक्षा पुष्कळ जास्त भरते. म्हणून ही ऊर्जा फिरण्याची नसून प्रचंड चुंबकक्षेत्राची असावी, म्हणजेच हा मंदावलेला मॅग्नेटार (अतिप्रबळ चुंबकक्षेत्राचा न्यूट्रॉन तारा) असावा, असा पहिला अंदाज मांडला गेला. मॅग्नेटारचे रेडिओ उत्सर्जन सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. त्यामुळे स्रोत गप्प झाला म्हणून ‘कुणीतरी बटण बंद केले’ असे मानण्याचे कारण नाही. पण २०२३ साली जाहीर झालेल्या २२ मिनिटांच्या स्रोताने या अंदाजालाही अडचणीत आणले. जुन्या नोंदी चाळल्यावर आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या निरीक्षणांतही तो सापडला, आणि अमेरिकेतील व्हेरी लार्ज ॲरेच्या नोंदींत तर थेट १९८८ पर्यंत मागे गेला. मॅग्नेटारने इतकी वर्षे असे टिकून राहणे अपेक्षित नव्हते.

एवढा काळ डोळ्यांसमोर असूनही तो दिसला नाही, यात लपवाछपवी नव्हती. स्पंदकांचा शोध सेकंदांच्या आणि त्याहून लहान काळांत घेतला जाई. आकाशाचे चित्र काढताना उलट तासन्‌तासांची निरीक्षणे एकत्र मिसळली जात, आणि मिनिटभराची चमक त्यात विहिरीत ओतलेल्या वाटीभर गूळपाण्यासारखी विरून जाई.

यांपैकी काही स्रोतांचे कोडे सुटत आले आहे. सप्तर्षींच्या दिशेला, सुमारे १,६०० प्रकाशवर्षांवर, लोफार या युरोपातील रेडिओ दुर्बिणीला दर १२५.५ मिनिटांनी स्पंदने देणारा स्रोत मिळाला. तेथे एक लाल बटू (लहान, मंद तारा) आणि एक श्वेत बटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा उरलेला घन गाभा) एकमेकांभोवती तेवढ्याच वेळात फिरताना आढळले. म्हणजे तेथील घड्याळ कक्षेचे आहे. २.९ तासांच्या स्रोताच्या जागीही लाल बटू दिसला आहे.

भास्कराचार्यांविषयी आम्हा खान्देशकरांना वेगळे सांगायला नको. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी मात्र कार्ल जान्स्की यांना १९३० च्या दशकात प्रथम सापडल्या. गणितासाठी ज्यांचा मठ उभा राहिला, त्यांच्या नावावर न केलेले गणित खपवण्याची गरज काय, हे मला कळत नाही.

उरलेले स्रोत अजून हट्टी आहेत. ४४ मिनिटांच्या स्रोताकडून २०२५ मध्ये रेडिओबरोबर क्ष-किरणही त्याच आवर्तनाने येताना आढळले, आणि एकटा मॅग्नेटार किंवा श्वेत बटूची जोडी यांपैकी कोणतेही स्पष्टीकरण त्याला नीट बसत नाही. ६.४५ तासांच्या स्रोतात तर दोन मुख्य स्पंदनांच्या जवळजवळ मधोमध एक दुय्यम स्पंदन दिसते. एकाच फिरत्या वस्तूचे दोन्ही चुंबकीय ध्रुव आळीपाळीने समोर आले की असे दिसते, आणि ती वस्तू न्यूट्रॉन तारा असेल तर आपल्या आजच्या समजुतीनुसार तिचा रेडिओ फार पूर्वीच विझायला हवा होता.